रकानेकरांचा सातबारा

रकानेकरांचं खरं आडनाव काय, हे पगारपत्रक करणाऱ्या बाईंखेरीज आमच्या ऑफिसात कोणालाच सांगता यायचं नाही. 'रकानेकर' हे नाव कोणी ठेवलं तेही आता आठवत नाही. पण ज्याने ठेवलं त्याने बारशाच्या घुगऱ्या वाटायला हव्या होत्या, इतकं ते त्यांच्या अंगाला बसलंय. शर्ट कायम चौकटींचा. खिशावरच्या चौकटी मागच्या कापडाच्या चौकटींशी जुळल्या नाहीत, तर शर्ट शिंप्याकडे परत. डबा चार पुडांचा. वरण आणि भात शेजारी शेजारी घेऊन बसतात, पण कालवत नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "सेल मर्ज करू नयेत. नंतर सॉर्ट होत नाहीत."

मी मूळचा कॅश काउंटरवरचा माणूस. अकरा वर्षांपूर्वी बँकेने मला काउंटरवरून उचललं आणि नवी मुंबईतल्या डेटा सेंटरात नेऊन टाकलं. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची ती जागा. पहिल्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "राउटर म्हणजे नक्की काय हो?"

"गावाकडे कधी रस्ता विचारलाय?" रकानेकर म्हणाले. "पारावरचा म्हातारा काय सांगतो? 'सरळ जावा, वढा लागंल, पल्याड गेलं की पुन्ना इचारा.' राउटर म्हणजे तो म्हातारा. शेवटचं गाव कसं आहे, कुठे आहे, त्याला काही ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतो फक्त पुढचा मुक्काम, म्हणजे पुढचा हॉप."

"मग माहितीचं पाकीट पोचतं कसं?"

"विचारत विचारत," रकानेकर म्हणाले. घरातलं एखादं वैगुण्य पाहुण्यासमोर कबूल करावं लागावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सगळं इंटरनेट या 'पुढे विचारा'वर चालतं, ही गोष्ट रकानेकरांच्या मनाला अजूनही लागून आहे. त्यातही जगभरच्या मोठ्या जाळ्यांना एकमेकांचे रस्ते सांगणारा जो बीजीपी नावाचा करार आहे, तो १९८९ साली दोन इंजिनिअरांनी जेवता जेवता कागदी रुमालांवर खरडला, हे त्यांना कळलं त्या दिवशी त्यांनी डबा अर्धा ठेवला. "रुमालावर! अहो, त्याला रेघासुद्धा नसतात!"

राउटरला 'शो आयपी राऊट' असा हुकूम सोडला की तो आपल्या पोटातलं टेबल पडद्यावर ओकतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर. सी म्हणजे थेट जोडलेलं, एस म्हणजे माणसाने हाताने लिहिलेलं, ओ म्हणजे ओएसपीएफ नावाच्या दुसऱ्या कराराकडून कळलेलं, बी म्हणजे बीजीपीकडून. ईआयजीआरपी या आणखी एका कराराचं अक्षर मात्र डी. कारण ई हे अक्षर आधीच ईजीपी नावाच्या जुन्या भाडेकरूने अडवून ठेवलं होतं. तो भाडेकरू कधीच वारला, पण खोली काही सुटली नाही. अक्षरापुढे पत्ता, मग चौकटी कंसात दोन आकडे, मग पुढचा मुक्काम, मग ही खबर किती जुनी, आणि शेवटी कोणत्या दारातून बाहेर पडायचं ते.

यातला कंसातला पहिला आकडा हा रकानेकरांच्या तत्त्वज्ञानाचा पाया. एकाच गावाचा रस्ता दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर विश्वास कोणावर ठेवायचा, ते हा आकडा ठरवतो. थेट जोडलेल्याला शून्य. हाताने लिहिलेल्याला एक. ओएसपीएफला ११०. रिपला १२०. आकडा जितका लहान, तितका विश्वास मोठा. २५५ म्हणजे देवाशपथ सांगितलं तरी ऐकायचं नाही. रिप म्हणजे चाळीतल्या नळावरची बातमी: शेजाऱ्याने सांगितलं, त्याला त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं. तीसुद्धा पंधरा घरांपर्यंतच चालते. सोळावं घर रिपच्या लेखी जगात नसतंच.

रकानेकर माणसांनाही हेच आकडे लावतात. घरच्या बाई शून्य. स्वतःच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी एक. सोसायटीचे सेक्रेटरी १२०. शेअर बाजाराच्या खात्रीच्या टिपा देणारा मेहुणा २५५. माझा आकडा मी बरीच वर्षं विचारत होतो. ते नुसते हसायचे.

हे टेबल पडद्यावर असतं तोवर रकानेकरांना बरं वाटत नाही. ते एक्सेलमध्ये आलं की मग रक्तदाब उतरतो. याची मुळं घराण्यात आहेत. रकानेकरांचे वडील तलाठी होते. गाव नमुना सात, गाव नमुना बारा, सहा नंबरची फेरफार नोंदवही, खाली बोरूच्या वळणाची सही, हे वातावरण त्यांनी पाळण्यापासून श्वासात घेतलंय. त्यामुळे राउटरचं टेबल म्हणजे त्यांच्या लेखी नेटवर्कचा सातबारा. जमीन कोणाची, वाट कुठून, नोंद कोणी घातली, कधी घातली. सबनेटला ते सबनेट म्हणत नाहीत, पोटहिस्सा म्हणतात. मला अकरा वर्षांत समजावलेल्या गोष्टींपैकी ही एकच अशी, की जी ऐकल्याबरोबर समजली.

आता, हा सातबारा एक्सेलमध्ये आणायचा कसा? मी नवीन होतो तेव्हा हे काम कोवळ्या माणसावर ढकलायची रीत होती. म्हणजे माझ्यावर. ऑडिटवाले येणार होते आणि ऑडिटवाल्याला ब्रह्मज्ञान जरी द्यायचं असलं तरी ते एक्सेलमध्ये द्यावं लागतं. राउटर एका वेळी एक पडदाभर मजकूर दाखवतो, खाली 'मोअर' असं लिहितो आणि स्पेस बार दाबायची वाट बघत थांबतो. मी दाबत राहिलो, कॉपी करत राहिलो, पेस्ट करत राहिलो. अकराशे ओळी झाल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि माझा अंगठा वेगळ्या खात्यात बदली मागत होता. रकानेकरांनी माझं शीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही 'मोअर' नावाची शाखा कुठल्या तालुक्यात आहे? चव्वेचाळीस ठिकाणी दिसतेय."

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी मला त्यांची स्क्रिप्ट दाखवली. ती दाखवताना त्यांनी आजूबाजूला असं पाहिलं, की मला वाटलं आता पितळी डब्यातून शाळिग्राम निघणार. मूळ अवतार पर्लमधला. ही भाषा लॅरी वॉल या गृहस्थांनी १९८७मध्ये काढली, आणि मजकुराच्या ढिगातून हवं तेवढं वेचून त्याचा अहवाल करणं हेच तिचं पहिलं काम. त्यामुळे वॉल यांच्याबद्दल रकानेकर कुलपुरुषाबद्दल बोलावं तसं बोलतात. पुढे पोरांनी फार टोचलं म्हणून स्क्रिप्ट पायथनमध्ये आली, पण आतल्या टिपणांची भाषा मराठीच राहिली.

स्क्रिप्टचं पहिलं काम राउटरला 'टर्मिनल लेंग्थ झीरो' सांगणं. म्हणजे बाबा रे, मधेमधे दम खाऊ नकोस, एका श्वासात सगळं म्हण. एवढा एकच हुकूम मला चार दिवस आधी सांगितला असता तर माझा अंगठा वाचला असता. हे मी बोलून दाखवलं. "मग तुम्हाला त्याची किंमत कळली नसती," ते म्हणाले.

पण खरी गंमत पुढे आहे. राउटरचं टेबल दिसतं रकान्यांचं, पण ते रकान्यांचं नसतंच. ते माणसाने वाचावं म्हणून सजवलेलं असतं. मधेच एक मथळा येतो: या पत्त्याचे इतके पोटहिस्से, इतक्या मापांचे. सगळ्या पोटहिश्श्यांचं माप एकच असेल, तर जुने राउटर ते फक्त मथळ्यात सांगतात आणि खालच्या ओळींवर गाळून टाकतात. कुठे ओळ लांब झाली म्हणून तुटून खाली उतरते. आणि एकाच गावाला सारख्याच अंतराचे दोन रस्ते असले, तर दुसऱ्या रस्त्याच्या ओळीत गावाचं नावच नसतं. नुसती मोकळी जागा आणि मग कंस.

"पहिल्यांदा ती मोकळी जागा पाहिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं," रकानेकर म्हणाले. "आमचे वडीलसुद्धा असंच करायचे. एकदा वर नाव लिहिलं की खाली नुसतं 'वरीलप्रमाणे'. राउटर तलाठीच आहे हो, आळशी तलाठी."

त्या 'वरीलप्रमाणे'वर स्क्रिप्टची निम्मी अक्कल खर्च झालीय. ओळ वाचायची, चाळणीतून घालायची. तिच्या तोंडाशी अक्षर असेल तर नवा खातेदार. नुसता कंस असेल तर आधीचाच खातेदार आठवून पुन्हा लिहायचा. मथळा असेल तर माप लक्षात ठेवायचं आणि ओळ फेकून द्यायची. ही चाळणी, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, मी प्रत्यक्ष पाहिली आहे. टाइपरायटरवरून मांजर चालत गेल्यावर जे उमटेल ते. पण रकानेकर ती अथर्वशीर्षासारखी खालच्या आवाजात म्हणून दाखवतात, आणि मधे कुठे मी 'हं' म्हटलं तर पहिल्यापासून सुरू करतात.

एवढं करून टेबल एक्सेलच्या दारात पोचलं, की तिथे दुसरा राक्षस बसलेला. एक्सेलला पत्ते लावता येत नाहीत. १०.१.२.० आणि १०.१.१०.० यांत आधी कोण, हे पहिलीतलं पोर सांगेल; पण एक्सेल त्यांना आकडे समजत नाही, अक्षरं समजतं, आणि दहाला दोनच्या आधी बसवतं. रकानेकरांनी त्यावर उपाय केला. पत्त्याचे चार तुकडे करून त्यांना चार रकाने दिले. "चार भाऊ वेगळे राहिले की भांडणं मिटतात," असं त्यावर टिपणही आहे.

दारांचं दुखणं याहून वाईट. आमच्या मुख्य यंत्राच्या सातव्या फळीवरचं बारावं दार म्हणजे गिगाबिट ७/१२. रकानेकरांनी हौसेने 'गिगाबिट' एका रकान्यात आणि '७/१२' दुसऱ्या रकान्यात घातलं. एक्सेलने ते पाहिलं आणि लिहिलं: ०७ डिसेंबर.

वडिलांचा जन्म ज्या सातबाऱ्यात गेला, त्याची एक्सेलने तारीख केली होती. रकानेकरांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी आले ते तो रकाना कायमचा 'टेक्स्ट' करूनच. पुढे २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं, हे वाचल्यावर त्यांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवलं. "जनुकांनी हात टेकले," ते म्हणाले. "मी नाही टेकले."

त्याच काचेखाली दुसरं कात्रण आहे. त्याच वर्षी इंग्लंडात कोरोनाच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांची नोंद मागे राहून गेली. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतत होते आणि त्या फाइलीत ६५,५३६ ओळींनंतर जमीनच संपते. रकानेकर हे कात्रण नव्या माणसाला रुजू झाल्या दिवशी वाचायला लावतात. नंतर एका साहेबांनी सहज म्हटलं, "आपल्या बँकेपुरतं कशाला, अख्ख्या इंटरनेटचं टेबल द्या ना एक्सेलमध्ये." साहेब बोलून जेवायला गेले. रकानेकर त्या रात्री झोपले नाहीत. नव्या एक्सेलमध्ये ओळी १०,४८,५७६. इंटरनेटचं टेबल नऊ लाखांच्या पुढे गेलेलं. २०१४च्या ऑगस्टमध्ये ते ५,१२,००० ओलांडून गेलं, तेव्हा जगातल्या कित्येक जुन्या राउटरांच्या स्मरणशक्तीचा कडेलोट झाला होता. आता पाळी एक्सेलची. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरची तारीख लिहावी तसा रकानेकर कॅलेंडरवर इंटरनेटचा आकडा लिहू लागले. "जग एक्सेलच्या बाहेर चाललंय," ते मला जिन्यात म्हणाले. आवाज काशीयात्रेला निघालेल्या माणसाचा.

स्क्रिप्ट रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी चालते. कालचं शीट आणि आजचं शीट ताडून जो फरक निघतो, त्याचं नाव अर्थातच 'फेरफार'. सकाळी चहाच्या आधी फेरफार. कोणती वाट गेली, कोणती आली, कोणाच्या नावावर कोण चढलं. शेवटी एक रकाना 'इतर हक्क'. त्यात ते स्वतःचे शेरे लिहितात: 'ही नोंद कोणी घातली, कबूल करत नाहीत.' 'तात्पुरती म्हणून केली होती, सहा वर्षं झाली.' नव्या मुलांनी थट्टा केली की ते २४ फेब्रुवारी २००८ची गोष्ट सांगतात. पाकिस्तानातल्या टेलिफोन कंपनीला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. तिने यूट्यूबच्या मोठ्या गटातला एक छोटा पोटहिस्सा आपल्या नावावर जाहीर केला, आणि ती नोंद देशाबाहेर निसटली. राउटरांचा कायदा असा, की मोठ्या गटापेक्षा नेमक्या पोटहिश्श्याची नोंद खरी. झालं! दोनेक तास जगभरची पाकिटं पाकिस्तानात जाऊन विहिरीत पडत राहिली. "दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव लावलं हो, भरदिवसा!" असं म्हणून रकानेकर टेबलावर मूठ आपटतात, आणि चहा सांडू नये म्हणून आधी कप बाजूला करतात.

आमचं दुसरं भांडण झालं ते या शीटच्या अतिप्रेमावरून. श्रावणातली दुपार, घाटाखालच्या एका शाखेचा मॅनेजर मला फोनवर ओरडून सांगत होता, की सकाळपासून एक नोट इकडची तिकडे झालेली नाही. मी रकानेकरांकडे धावलो. त्यांनी शांतपणे शीट उघडलं, बोट ठेवलं. "आहे की शाखा. ही बघा. ओ, ११०, व्हाया अमुक. चालू आहे."

"अहो, मॅनेजर बोंबलतोय!"

"मॅनेजर १२० आहे," रकानेकर म्हणाले. "शीट माझ्या हातचं आहे. एक."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "सातबाऱ्यावर ऊस लिहिलाय म्हणून शेतात ऊस आहे का? जाऊन बघा, कुसळं उगवलीत! तुमचं शीट रात्री दोनचं आहे, आणि आत्ता दुपारचे दोन वाजलेत!"

ते एकदम गप्प झाले. तलाठ्याच्या मुलाला हे सांगायला नको होतं. बांधावर न जाता चावडीत बसून लावलेली पीकपाहणी काय असते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आठवडाभर आमच्यात फक्त ई-मेल चालू होती, तीही साहेबांना प्रत ठेवून.

त्यांनी त्यावर केलेला इलाज मात्र त्यांच्याच जातकुळीचा होता. शीट शिळं पडतं काय? मग स्क्रिप्ट तासाला चालवू. तासात बदललं तर? दर पाच मिनिटांनी चालवू. चार दिवसांत आमचा थोरला राउटर धापा टाकायला लागला. वाट दाखवायचं सोडून बिचारा दर पाच मिनिटांनी वाटांची यादी म्हणत बसला होता. सीपीयूचा आलेख पाहून सिनिअर इंजिनिअरने स्क्रिप्ट बंद पाडली. रकानेकर त्याला इतकंच म्हणाले, "पारावरच्या म्हाताऱ्याला रोज जबानीला बोलावलं की तो रस्ता सांगायचाच विसरतो. माझंच चुकलं." स्क्रिप्ट पुन्हा दोन वाजून दहा मिनिटांवर गेली. शीटच्या माथ्यावर तेव्हापासून लाल अक्षरात एक ओळ असते: 'ही रात्रीची पाहणी आहे. खात्री बांधावर करावी.'

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझा फोन वाजला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. स्क्रिप्टच्या वेळेला फोन, म्हणजे बँक बुडाली असं समजून मी उठलो. पलीकडे वहिनी. "भाऊजी, यांच्या छातीत दुखतंय. शेजाऱ्यांनी दवाखान्यात आणलंय. मला काही सुचेना, म्हणून शीट बघितलं. त्यात तुम्हाला फोन करा असं लिहिलंय."

मी ठाण्यात, ते डोंबिवलीत. बाहेर धो धो पाऊस, रस्त्यांवर खड्डे की खड्ड्यांत रस्ते ते कळेना, आणि फोनमधला नकाशा कल्याण फाट्याच्या पुढे गोल गोल फिरायला लागला. शेवटी काच खाली केली. एक रिक्षावाला म्हणाला, पुलापर्यंत जा, तिथे विचारा. पुलाखालचा चहावाला म्हणाला, पेट्रोल पंपापर्यंत जा, तिथे विचारा. पंपावरच्या पोराने एका एटीएमच्या वॉचमनकडे धाडलं. वॉचमनने छत्रीनेच दाखवलं: ते काय, समोर.

आत पोचलो तर दुखणं ओसरलं होतं. संध्याकाळी कुठल्याशा मुंजीत जिलबीवर मठ्ठा आणि मठ्ठ्यावर जिलबी असं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ईसीजी ठीक, हे पोटाचं आहे, तरी सकाळपर्यंत ठेवू. वहिनींच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो ओढून आणला होता. गॅस गळला तर कोण, पाणी आलं नाही तर कोण, वीज गेली तर कोण, जावयांना निरोप द्यायचा तर कोणामार्फत. प्रत्येकापुढे कंसात विश्वासाचा आकडा. मेहुणा खरोखरच २५५ होता.

माझं नाव सगळ्यात शेवटी. त्यापुढे अक्षर होतं एस, आणि एसवर चांदणी. पत्त्याच्या चारही रकान्यांत शून्य.

अकरा वर्षांत एवढं मला वाचता यायला लागलं होतं. बहुतेक राउटरांच्या टेबलात अशी एक ओळ हाताने लिहून ठेवतात. टेबलात कुठलाच रस्ता सापडला नाही, तर पाकीट या दारात नेऊन द्यायचं. राउटर त्याला शेवटच्या आसऱ्याचं दार म्हणतो. माझ्यापुढे कंसात आकडा होता एक. 'इतर हक्क'च्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'अकरा वर्षं चालू. मधे दोनदा डाऊन.'

मी कागद घडी करून वहिनींकडे दिला आणि पलंगापाशी गेलो. रकानेकरांनी एक डोळा उघडला. "कसे आलात?"

"विचारत विचारत."

"किती ठिकाणी?"

"चार."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाले, "लिहून ठेव गं. चार हॉप."